शहर सोडताना रडू येणारच : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली. बारावीनंतर नागपूरला आली, बी.एस्सी. केलं, मग युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमधून बॉटनीत एम.एस्सी. झालं. आता परत चालली. बाबांची तब्येत बरी नसते, सोयाबीन पण नीट झालं नाही, आणि लहान भावाला यंदा बाहेर शिकायला पाठवायचं आहे, दोघांचं रूमभाडं आणि मेस घरच्यांना झेपणार नाही. गावाजवळच्या एका ज्युनियर कॉलेजला तासिकेवर शिकवायचं बोलणं झालंय. सगळं समजतं मला, पण मेट्रोत बसली की रडू येतं, बर्डीच्या बाजारात गेली की रडू येतं. आई फोनवर म्हणते, घरीच तर येऊन राहिली ना, त्यात रडायचं काय. मैत्रिणी पार्टी करू म्हणतात, मला ते पण नको वाटतं. वाटतं कोणाला न सांगता सकाळच्या एसटीनं निघून जावं. असं केलं तर चालेल का?

उत्तर : नको पोरी, असं नको निघू. पार्टी नसेल करायची तर नको करू, त्याची काही जबरदस्ती नाही, पण न सांगता जायचं मात्र मनातून काढून टाक. दरवर्षी मे-जूनमध्ये मला अशी पत्रं येतात, आणि जे गुपचूप निघून आले त्यांची पत्रं दिवाळीनंतरही येत राहतात, काहीतरी अर्धवट राहिलं म्हणून.

रडू येतं त्यात काही चूक नाही. तू नागपूरला आली तेव्हा अठराची होती, बँकेत खातं काढणं, ताप आला तर मेयोच्या ओपीडीत एकटीनं चिठ्ठी काढून लाईनीत उभं राहणं, महिन्याचे पैसे एकतीस तारखेपर्यंत पुरवणं हे सगळं तू तिथंच शिकली ना. गावात तुला अमक्याची पोरगी म्हणून ओळखतात, तिथं तुझ्या नावानं ओळखणारी माणसं झाली, ती सुटताना त्रास होणारच. नागपूर विद्यापीठ 1923 साली सुरू झालं, म्हणजे शंभर वर्षांच्या वर झालं आपल्या विदर्भातली पोरं-पोरी तिथं जातात आणि परत येतात. अमरावतीचं विद्यापीठ 1983 ला झालं, त्याच्या आधी तुमच्या यवतमाळच्या पोरांच्या डिग्रीवरही नागपूरच असायचं. तुमच्याकडं एखादे रिटायर झालेले मास्तर असतील ना तेव्हा नागपूरला राहून शिकलेले, गावाला आली की त्यांच्याजवळ जाऊन बस एखाद्या संध्याकाळी. ते तुला वेडी नाही म्हणणार.

आता निरोपाचं. फुटाळ्यावर शेवटचं, दीक्षाभूमीला शेवटचं, शेवटचे तर्री पोहे असं करत फोटो काढत फिरू नको, त्यानं जीव जास्तच कासावीस होतो आणि त्या जागा काही कुठं जात नाहीत. माणसं मात्र जातात. मेसवाल्या काकू पुढच्या वर्षी मेस बंद करतील, डिपार्टमेंटमधले लॅबवाले काका रिटायर होतील, रूमच्या मालकीणबाई मुलाकडं राहायला जातील, मग तू नागपूरला कितीही वेळा गेली तरी ते नागपूर भेटणार नाही. म्हणून माणसांकडं जा. एकेकाकडं वेगळी जा, दुपारी काकूंचे डबे आटोपल्यावर जा, निवांत बस. आणि नुसतं थँक्यू म्हणून उठून येऊ नको, काहीतरी ठरावीक आठवून सांग, काकू माझी प्रॅक्टिकल लांबली होती तेव्हा तुम्ही रात्री उशिरापर्यंत माझं ताट झाकून ठेवलं होतं, असं. दिवसरात्र पोरांसाठी राबणाऱ्या बाईला हे कोणी येऊन सांगत नाही गं, आणि तिला ते ऐकायचा हक्क आहे असं मला फार मनापासून वाटतं. घरची तुरीची डाळ किलो-दोन किलो असेल तर घेऊन जा सोबत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तू एकटीनं निरोप नको घेऊ. आईला बोलाव. रूम खाली करायच्या आधी एक दिवसासाठी का होईना तिला नागपूरला बोलाव. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धंच तिकीट आहे, त्यामुळं पैशाचं म्हणशील तर तेवढं जमेल. तिला तू झोपायची तो पलंग दाखव, मेसमध्ये काकूंच्या हातचं जेवू घाल, दोघींना बोलू दे, मेट्रोत बसव, सुभाषनगरजवळ खिडकीतून अंबाझरी तलाव दाखव, तुझं डिपार्टमेंट दाखव. आईनं तुझं नागपूर कधी पाहिलंच नाही, तिला फक्त फोनवर जेवली का, पैसे आहेत का एवढंच माहीत, मग तुझं काय सुटून राहिलं हे तिला कुठून समजणार. एकदा पाहून गेली की पुढं पावसाळ्यात कधी तू गप्प झाली तर ती विचारेल, काकूंची आठवण आली का. एवढं एक माणूस घरात असलं तरी खूप होतं. बाबांना प्रवास झेपत नसेल तर त्यांना व्हिडिओ कॉलवर घे.

कागदपत्रांचं पण बघ, रडता रडता हे राहून जातं. तू शिकली नागपूर विद्यापीठात आणि तुमचा जिल्हा अमरावती विद्यापीठात, उद्या तिकडं बी.एड.ला अॅडमिशन घेतली तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते आत्ताच काढून घे, नंतर एका कागदासाठी चकरा होतात. लायब्ररीचं नो ड्यूज, टीसी, रूमचं डिपॉझिट, सगळं हातात घेऊनच निघ, डिपॉझिट मागायला लाजू नको. मतदार यादीत नाव नागपूरला टाकलं असेल तर फॉर्म 8 भरून गावाकडं आणता येतं.

पहिले काही महिने जड जातील, ते खोटं नाही सांगत. आठ वाजता गाव झोपतं, लाईट जाते, चहाला चल म्हणायला कोणी नाही, आणि नातेवाईक लग्नाचं काढतील. आईबाबांना आधीच सांगून ठेव की दोन-तीन महिन्यातून एकदा मी नागपूरला जाईन, मैत्रिणीकडं राहीन, आणि पगारातले तेवढे पैसे बाजूला ठेवीन. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनवर कळंबपर्यंत गाडी 2024 ला सुरू झाली, ती लाईन पुढं तुमच्या दारव्ह्यावरूनच जाणार आहे. आपल्या शकुंतला गाडीची जुनी नॅरोगेज लाईन बंद पडल्यापासून तुमच्याकडच्या पोरांना एसटीशिवाय काय आहे सांग, म्हणून मला त्या लाईनची फार आस आहे. आणि हो, तू शिकवशील त्या अकरावीच्या वर्गात नागपूरला जायची स्वप्नं पाहणाऱ्या पोरी असतीलच, त्यांना हॉस्टेलचा फॉर्म कसा भरायचा, कोणता एरिया कॉलेजला जवळ पडतो हे तुझ्याइतकं नीट कोण सांगणार.

प्रश्न : ताई, माहा पोरगा पुण्याले एमपीएससीची तयारी करे. दोन वेळा मेन्सपर्यंत गेला, पुढं झालं नाही. आता एकोणतीसचा आहे. मागच्या दिवाळीच्या आधी रात्रीच्या गाडीनं आला, अर्धं सामान तिथंच सोडून. तवापासून बोलत नाही. वावरात येते, काम करते, पण गप्प. लोक विचारतात तुमचा साहेब काय करते आता. मले काही सुचत नाही. (दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलं हेच मोठं आहे, बरेच बाप चिडतात आणि विषय तिथंच संपवतात. लोकांना उत्तर तुम्ही द्यायचं, पोराला द्यायला लावू नका, कोणी साहेब म्हटलं की तुम्हीच सांगा, पोरगा माझ्यासोबत वावर पाहून राहिला, काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. तो ते ऐकेल, समोर नसला तरी ऐकेल.

वय संपलं नाही त्याचं, खुल्या गटाला 38 पर्यंत आणि मागासवर्गाला 43 पर्यंत परीक्षा देता येते, पण हे त्याला आत्ता सांगू नका. त्याला ते तुमच्याआधी माहीत आहे, आणि ऐकलं की त्याला वाटेल बाप अजून निकालाचीच वाट पाहून राहिला. पोरगा रात्रीच्या गाडीनं आला यातच सगळं आलं. कोणाला तोंड दाखवावंसं वाटलं नाही त्याला. सदाशिव पेठेत, नवी पेठेत अशी हजारो पोरं आहेत, कॉटबेसिसवर राहतात, अभ्यासिकेत एका खुर्चीवर वर्षं काढतात, एका चहाचे दोन करून पितात, तिथं जी दोस्ती होते ती सख्ख्या भावासारखी असते. तुमच्या पोराची नुसती परीक्षा नाही सुटली, ते भाऊ पण सुटले आणि त्यांना तो सांगूनही आला नाही.

कपाशी वेचून झाली की त्याला म्हणा, चल तुझं सामान घेऊन येऊ, मी पण येतो. महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्याहून थेट पुण्याला जाते, दोघं जा. तो नको म्हणेल पहिल्यांदा. आठ दिवसांनी परत म्हणा. तिथं गेल्यावर तुम्ही जास्त बोलू नका, तो कुठं बसत होता ती खुर्ची पाहा, त्याच्या रूमपार्टनरला तुमच्या पैशानं जेवू घाला, त्याला त्याच्या दोस्तांसोबत एक संध्याकाळ एकट्याला सोडा. पुस्तकं घरी आणायची की तिथंच कोणाला द्यायची हे त्याला ठरवू द्या. आणि एवढं करूनही तो खात नसेल, झोपत नसेल, जगण्यात काही नाही असं बोलत असेल तर वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा, आणि 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन तुम्ही स्वतः लावला तरी चालतो.

प्रश्न : हॉस्टेल सोडतोय, सायकल विकू की कुरखेड्याला घेऊन जाऊ? विकायला जीव होत नाही. (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : घरी चालवणारं कोणी असेल तर घेऊन जा, ट्रॅव्हल्सवाले डिकीत टाकू देतात, आदल्या दिवशी जाऊन भाडं ठरवून ये. घरी कोणी नसेल तर जूनमध्ये तुमच्याच तालुक्यातला एखादा पोरगा हॉस्टेलला येईल, वॉर्डनजवळ चावी आणि तुझा फोन नंबर ठेवून जा. देण्याआधी ब्रेकचे रबर तेवढे बदलून घे.