नोव्हेंबरचा जन्म आणि जिल्ह्याचा संघ

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, लेगस्पिन टाकतो. जन्म 27 नोव्हेंबरचा. 14 वर्षांखालील शालेय जिल्हा निवडीत 'हात चांगला आहे, पण अंगात ताकद नाही' म्हणून मागे ठेवला. कोणी म्हणतं, दाखल्यावर जन्म पुढच्या जानेवारीतला करून घ्या. कोणी म्हणतं, वाईत राहून काही होणार नाही, पुण्याच्या अकादमीत टाका. काय करावं? – एक पालक, वाई

उत्तर : दाखल्याला हात लावू नका. खोटेपणा तर आहेच. शिवाय बीसीसीआय 16 वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासते. सापडलात तर बंदी.

आता ताकदीचं. शालेय स्पर्धांत वय 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे याच्याच गटातला जानेवारीचा मुलगा जवळजवळ 11 महिन्यांनी थोरला. या वयात तेवढ्यात मिसरूड फुटतं, खांदे भरतात. कॅनडात आइस हॉकीचीही तारीख 1 जानेवारीच. तिथल्या निवडक मुलांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्यांचा भरणा असतो, हे 1980 च्या दशकातच लक्षात आलं. थोरला निवडला जातो, त्याला सामने आणि चांगला कोच मिळतो, आणि दोन वर्षांत तो खरोखरच सरस होतो.

पण गंमत बघा. बीसीसीआयच्या वयोगटांची तारीख 1 सप्टेंबर आहे. तिथे तुमचा नोव्हेंबरवाला थोरल्यांत मोडतो! तेव्हा शालेय निवडीवरून त्याला जोखू नका; त्याच तारखेवर चालणाऱ्या जिल्हा क्रिकेट संघटनेच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा.

पुण्याची घाई मी तरी करणार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात 5 लाखांहून कमी वस्तीच्या गावांतून, लोकसंख्येच्या मानाने, जास्त खेळाडू आलेले दिसले. आपल्याकडे मैदानं आणि कोच यांची वानवा, त्यामुळे तो हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. पण एका शहरी अकादमीत, सरावाच्या जाळीत मी स्वतः मोजलंय : तासाभरात एका पोराच्या वाट्याला टाकायला 14 चेंडू. वाईत तो संध्याकाळी 60 टाकत असेल. श्रीरामपूरचा झहीर खानसुद्धा मुंबईला गेला तो 17 व्या वर्षी. दहावीपर्यंत घरी राहू द्या, सुट्टीत शिबिराला पाठवा.

दर महिन्याला दारामागे पेन्सिलीने उंचीची खूण करा. खुणा भराभर वर सरकू लागल्या की लांबलेल्या हातापायांमुळे त्याची गोलंदाजीची लय बिघडेल, फुलटॉस पडतील. तेव्हा ओरडू नका.