मास्टर्स करता करता कंपनी काढायची असेल तर सिडनी, ऑकलंड की सिंगापूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंजिनिअरिंग झालंय, नाशिककडच्या द्राक्षबागांसाठी मित्राबरोबर जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवलाय, आणि आता सिडनी, ऑकलंड, सिंगापूर अशा तिन्ही ठिकाणी मास्टर्सला प्रवेश मिळालाय. मित्र पुण्यातच राहणार. कुठे गेलात तर शिकता शिकता कंपनी उभी राहील?

कुठल्या विद्यापीठाचा इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र) भारी, यावरून ठरवू नका. ऑकलंड विद्यापीठाचा ‘व्हेलॉसिटी’ हा विद्यार्थ्यांचा उद्योजकता कार्यक्रम २००३ पासून चालू आहे. सिंगापूरच्या एनयूएस या राष्ट्रीय विद्यापीठाचा ‘ओव्हरसीज कॉलेजेस’ कार्यक्रमही जवळपास तेवढाच जुना. सिडनीत सिडनी विद्यापीठाचं ‘इनक्युबेट’ आहे, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं (यूएनएसडब्ल्यू) ‘फाउंडर्स’ आहे. अ‍ॅटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी २००२ मध्ये काढली ती यूएनएसडब्ल्यूमध्ये शिकलेल्या दोघांनीच, क्रेडिट कार्डवरच्या दहा हजार डॉलर उधारीवर. पण ते दोघं तिथलेच होते, त्यांना व्हिसाची अट नव्हती. तुमच्यासाठी पहिला प्रश्न हा, की विद्यार्थी व्हिसावर स्वतःच्या कंपनीत काम करायची मुभा आहे का?

न्यूझीलंडमध्ये उत्तर जवळपास ‘नाही’ असं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून तिथे सत्रकाळात आठवड्याला २५ तास काम चालतं, पण ते मालकाकडे, नोकरीचा करार करून. स्वयंरोजगार चालत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेत कल्पना मांडणं वेगळं आणि ग्राहकाला बिल फाडणं वेगळं. मास्टर्सनंतरच्या वर्क व्हिसावर मात्र चित्र बदलतं, आणि तिथे किमान ३० आठवडे पूर्णवेळ शिकून मास्टर्स केलं असेल तर तो ३ वर्षांपर्यंत मिळतो.

सिंगापुरात कंपनी नोंदवणं तिघांत सगळ्यात सोपं. नाव आणि नोंदणी मिळून सरकारी फी ३१५ सिंगापूर डॉलर. मात्र निदान एक संचालक तिथला रहिवासी लागतो, म्हणून लोक भाड्याचा संचालक घेतात आणि त्याचे दर वर्षी पैसे भरतात. स्टुडंट्स पासवर (तिथला विद्यार्थी व्हिसा) कंपनीत शेअर असणं एक आणि ती रोज चालवणं दुसरं. त्यासाठी पुढे ‘आंत्रपास’ हा उद्योजकांचा व्हिसा घ्यावा लागतो. त्याची एक अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: कंपनी आधीच नोंदवलेली असेल तर अर्जाच्या वेळी ती सहा महिन्यांहून जुनी नसावी. पहिल्याच सत्रात हौसेनं कंपनी काढणारे पदवी हातात येईपर्यंत या दारातून बाहेर पडलेले असतात.

राहिलं ऑस्ट्रेलिया. इथे विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो, फक्त तास मोजून. आधी खर्च: व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. शिवाय प्रवासखर्च आणि कोर्सची फी सोडून वर्षभराच्या राहणीचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात.

तासांचा नियम नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. पंधरवडा म्हणजे सोमवारपासून सुरू होणारे १४ दिवस, आणि दर सोमवारी नवा पंधरवडा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात १०, दुसऱ्यात ३८ आणि तिसऱ्यात २० तास केलेत, तर पहिल्या जोडीची बेरीज ४८, म्हणजे ठीक. दुसऱ्या जोडीची ५८, म्हणजे नियम मोडला. कॅफेतली नोकरी, डिलिव्हरी आणि स्वतःची कंपनी, सगळ्यांचे तास एकत्र धरतात. ‘मी कंपनीतून पगार घेतच नाही’ हा बचाव टिकत नाही, कारण ज्या कामाला एरवी पैसे मिळतात ते काम फुकट केलं तरी ते कामच. शेअरच्या बदल्यात केलेलंही धरलं जातं. सुट्टीत तासांना मर्यादा नाही, तेव्हा शेतावर उपकरणं लावणं, ग्राहक फिरणं असली कामं नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या मोठ्या सुट्टीत ठेवा. मास्टर्स संशोधनाचं असेल तर कोर्स सुरू झाल्यावर तासांची अटच उरत नाही. तुमचा प्रवेश कोणत्या प्रकारचा आहे ते पत्रात बघा.

त्याच पत्रात कोर्सची लांबीही बघा. पदवीनंतर राहून काम करू देणाऱ्या ४८५ व्हिसासाठी नोंदणीकृत ९२ आठवड्यांचा अभ्यास आणि तो करताना इथे निदान १६ महिने राहणं लागतं. दीड वर्षाचं मास्टर्स स्वस्त पडतं, पण त्यात ९२ आठवडे भरत नाहीत. फीत वाचवलेले पैसे म्हणजे पुढच्या व्हिसावर पाणी. भारतीयांना २०२२ च्या व्यापार करारामुळे मास्टर्सनंतर ३ वर्षांपर्यंत ४८५ मिळतो, इतरांना साधारण २. अर्जाच्या वेळी वय ३५ च्या वर नको. खरी कंपनी चालवायची ती या काळात, कारण तासांची कटकट तेव्हा संपते.

आता नोंदणी. आल्या आल्या टीएफएन काढा, तो करासाठीचा क्रमांक. मग एबीएन हा धंद्याचा क्रमांक, ११ आकडी आणि फुकट. एवढ्यावर एकल व्यावसायिक म्हणून पहिली दोन-चार बिलं करता येतात. प्रॉप्रायटरी लिमिटेड (आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी) कंपनी काढायची घाई करू नका. नोंदणीला सहाशेच्या आसपास आणि पुढे दर वर्षी सव्वातीनशेच्या आसपास डॉलर जातात, उत्पन्न शून्य असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. कंपनी काढायची ती गुंतवणूकदार आला, भागीदारी कागदावर आणायची झाली किंवा संशोधनाची करसवलत हवी असली की. संचालक होण्याआधी डायरेक्टर आयडी, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. आणि एकटेच संचालक असाल तर लांब मुदतीसाठी घरी जाताना विचार करा, कारण निदान एक संचालक ऑस्ट्रेलियात राहणारा हवा. जीएसटी नोंदणी ७५,००० डॉलर वार्षिक उलाढालीपर्यंत सक्तीची नाही.

त्या करसवलतीबद्दल जरा विस्ताराने, कारण इथल्या लहान तंत्रज्ञान कंपन्या त्यावर जगतात. वार्षिक उलाढाल २ कोटी डॉलरच्या आत असेल तर पात्र संशोधन खर्चाच्या ४३.५ टक्के रक्कम मिळते आणि तोट्यातल्या कंपनीला ती रोख परत येते. ६०,००० खर्च केलेत तर २६,१०० डॉलर. खर्च निदान २०,००० हवा, कंपनीच हवी (एकल व्यावसायिकाला मिळत नाही), आणि जूनला वर्ष संपल्यावर पुढच्या ३० एप्रिलपर्यंत नोंदणी हवी. ती तारीख चुकली की त्या वर्षाचं गेलं. तुमची स्वतःची बिनपगारी मेहनत यात धरत नाहीत, प्रत्यक्ष दिलेले पैसेच धरतात. साधं अ‍ॅप बनवणं संशोधन ठरत नाही. काय माहीत नव्हतं, कोणता प्रयोग केला, निष्कर्ष काय निघाला, याची त्या-त्या वेळी केलेली टिपणं लागतात. वर्षाअखेरी बसून लिहिलेली वही तपासणीत उघडी पडते.

आणि तुमच्या बाबतीतली मेख: मित्रानं पुण्यात केलेलं फर्मवेअरचं (उपकरणातल्या सॉफ्टवेअरचं) काम आपोआप पात्र होत नाही. परदेशातल्या कामासाठी आगाऊ मंजुरी लागते, आणि ते काम ऑस्ट्रेलियात होऊच शकत नाही हे दाखवावं लागतं. ‘पुण्यात स्वस्त पडतं’ हे कारण चालत नाही. तेव्हा कोणतं काम कुठे करायचं हे कोड लिहायच्या आधी ठरवा.

मित्राबाबतचा दुसरा प्रश्न फेमाचा, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याचा. शिकायला बाहेर पडलात की डिसेंबर २००३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार तुम्ही अनिवासी. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपया खातं) करून घ्या. पुण्यात दोघांची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तुमचे शेअर राहू शकतात, आणि वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा एक संचालक लागतो ती अट मित्र भागवतो. उलट बाजूला काळजी घ्या. मित्रानं ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचे शेअर घेणं ही परदेशी गुंतवणूक आहे: पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी, आणि नंतर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल. त्याहून अवघड म्हणजे, मित्राचं तिथल्या कंपनीवर नियंत्रण असेल (मतांचा १० टक्के हिस्साही त्यात येऊ शकतो), तर त्या कंपनीला उपकंपनी असता कामा नये. ‘वर सिडनीची कंपनी, खाली पुण्याची, दोघं अर्धे-अर्धे’ हा सगळ्यांच्या डोक्यात पहिला येणारा आराखडा इथेच अडतो. सुरुवातीला दोन स्वतंत्र कंपन्या आणि मधे सेवा करार, हे जास्त सुटसुटीत. सीएला पैसे द्यायचे असतील तर याच कामाचे द्या.

पेटंट काढण्यासारखं काही असेल तर विमानात बसण्याआधी भारतात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका; एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये फी. भारतात राहणाऱ्या संशोधकाला पेटंट कायद्याच्या कलम ३९ मुळे थेट परदेशात अर्ज करता येत नाही: आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची. मित्र सहसंशोधक असेल तर तुम्ही सिडनीत असलात तरी ही अट सुटत नाही. जाहीर सादरीकरणात उपकरण उघडून दाखवलं की नवेपणा जातो. ऑस्ट्रेलियात त्यानंतर १२ महिन्यांची सवलत आहे, भारतात ती फार मर्यादित आणि युरोपात जवळजवळ नाहीच. आणि अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमधून हे निघालं असेल तर तुमच्या जुन्या कॉलेजकडून हक्क सोडल्याचं पत्र आत्ताच घ्या. गुंतवणूकदाराचा वकील ते पहिल्यांदा मागतो.

आता खुद्द उपकरण. भारतात लोरा, म्हणजे सेन्सरचे आकडे लांबवर पाठवणारं रेडिओ तंत्र, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ९१५ ते ९२८, सिंगापुरात ९२० ते ९२५. एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२६२ ही लोराची चिप दोन्हीकडे चालते, पण अँटेना आणि तिच्या आधीचं जुळणी सर्किट ८६५ ला बांधलेलं असतं. नुसतं सॉफ्टवेअरमध्ये वारंवारता बदललीत तर पल्ला घसरतो आणि बॅटरी लवकर संपते. म्हणून ९१५ चे बोर्ड वेगळे मागवा. इथे विकण्याआधी आरसीएम हे नियमपालनाचं चिन्ह लागतं, त्यामागे चाचणी अहवाल आणि एबीएन असलेल्या पुरवठादाराची सही. पाचपन्नास नग ‘ट्रायल’ म्हणून पैसे घेऊन दिले तरी ती विक्रीच.

बॅगेत नमुने आणणार असाल तर जमिनीत गाडलेले आणू नका. मातीचा कण दिसला तरी ते जैवसुरक्षा तपासणीत अडकतात, आणि जाहीर केले नाहीत तर दंड. नवे, कोरे प्रोब आणा, प्रवेश कार्डावर शंका असेल तिथे ‘हो’ लिहा. सुट्या लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून.

‘गोलार्ध उलटा, म्हणजे वर्षात दोन हंगाम तपासता येतील’ असं तुम्ही लिहिलंयत. द्राक्षात ते जमणार नाही. नाशिकला ऑक्टोबर छाटणी होऊन माल जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आणि सिडनीजवळच्या हंटर व्हॅलीत तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत, न्यूझीलंडच्या मार्लबरोत मार्च-एप्रिलमध्ये. आपण एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीला ऑक्टोबरात पुन्हा छाटून थंडीत फळ घेतो, म्हणून दोन्हीकडचा हंगाम एकमेकांवर येतो. दोघांना एकाच वेळी शेतावर असावं लागेल, तेही तुमचं नवं सत्र फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होत असताना. सिडनी घेतलंत तर जुलैऐवजी फेब्रुवारीच्या प्रवेशाला या: पहिली मोठी सुट्टी दोन सत्रं झाल्यावर मिळते, तोवर बोर्ड ९१५ वर येतात आणि हंटरमधल्या एखाद्या बागायतदाराशी ओळखही झालेली असते.