गुडघ्यांचे कारण

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली. आमची गृहनिर्माण संस्था ५६ सदनिकांची असून येत्या निवडणुकीनंतर मी सचिव व्हावे, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. कारण ‘तुम्हाला हिशेब कळतो आणि वेळही आहे’. वेळ आहे हे खरे, आणि त्या वेळात मला दुसरे काही विशेष करायचे आहे, असेही नाही. पण टाकीची गळती, पार्किंगची भांडणे, सभेची इतिवृत्ते यांपैकी कशातही मला रस नाही. गेल्या खेपेस ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सुटलो होतो. या खेपेस गुडघेदुखीचे कारण सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बागेत झपाझप चालताना अध्यक्षांनी मला पाहिले. पत्नी म्हणते, एकदा हो म्हणा आणि सुटा. नाही म्हणणे हा स्वार्थीपणा ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘त्या वेळात दुसरे काही विशेष करायचे आहे, असेही नाही’ ही कबुली मला सर्वांत मोलाची वाटली. एखादे काम नाकारायचे असेल, तर त्याच्या जागी नातवंडे, ग्रंथलेखन किंवा साधना असे काहीतरी भारदस्त दाखवावे लागते, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ज्याच्यापाशी दाखवण्यासारखे काही नसते त्याला गुडघ्यांचा आधार घ्यावा लागतो. रिकाम्या वेळेवर पहिला हक्क तो मागणाऱ्याचा, हे कोणी ठरवले, ते मला आजवर कळलेले नाही. रस नसणे हे कारण पुरेसे आहे.

अडचण अशी, की आपण कारण सांगितले की समोरचा माणूस ते दूर करण्याच्या मागे लागतो, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. गुडघे दुखतात म्हटले की सभा आपल्याच घरी भरवण्याची तयारी होते; संगणक येत नाही म्हटले की तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा शिकवायला हजर होतो. ‘बघू’, ‘जमवतो’, ‘सांगतो नंतर’ हे आपले लाडके शब्द म्हणजे तर अर्धा होकारच. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते अशाच वेळी पटते : आपण नकार देण्याऐवजी तो समोरच्याकडे मागत बसतो.

या बाबतीत फ्रेंच लेखक व तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्र यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. (नोबेल पारितोषिक आणि सोसायटीचे सचिवपद यांची तुलना केल्याबद्दल दोन्हीकडच्यांनी क्षमा करावी.) १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये आपले नाव चर्चेत असल्याचे कळताच त्यांनी साहित्याचे नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीला पत्र लिहून, आपल्याला हे पारितोषिक या वर्षी नको आणि पुढेही नको, असे कळवले. पत्राचा उपयोग झाला नाही. पारितोषिक जाहीर झाले, त्यांनी ते नाकारले, आणि तरीही त्या वर्षाच्या यादीत त्यांचे नाव आजतागायत आहे. मला त्यातील ‘पुढेही नको’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणताना आपण नेमके तेवढेच वगळले होते, म्हणून मंडळी पुन्हा दाराशी आली.

आता स्वार्थाविषयी. ५६ जणांपैकी कोणीच पुढे आले नाही आणि समितीच अस्तित्वात आली नाही, तर सहकार कायद्यानुसार निबंधक बाहेरचा प्रशासक नेमू शकतात, आणि मग पंप बदलण्यासारख्या गोष्टीलाही किती हेलपाटे पडतात, हे त्यातून गेलेल्या रहिवाशांना विचारावे. तेव्हा आपला नकार कोणाच्या तरी खांद्यावर पडणार, हे नाकारून चालणार नाही. परंतु रस नसलेल्या माणसाने पद अडवून ठेवले, तर इतिवृत्त महिनोन्‌महिने लिहिले जात नाही आणि ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आयत्या वेळी घाईघाईने उरकली जाते. त्या भिडस्त होकाराचा भारही शेजाऱ्यांवरच पडतो. आपण देखभाल शुल्क वेळेवर भरावे, वार्षिक सभेला बसावे, आणि जो कोणी सचिव होईल त्याने निवडलेल्या रंगावरून जिन्यात कुरकुर करू नये. हिशेब पाहण्याचा सभासद म्हणून आपला हक्क शाबूत राहतो. बारीकसारीक खोड्या काढण्याचा मात्र, माझ्या मते, राहत नाही.

हे सर्व अर्ज भरण्याची तारीख जाहीर होण्याआधी सांगावे, म्हणजे त्यांना दुसरा माणूस शोधायला अवधी मिळेल. अध्यक्षांच्या घरी जाऊन ‘मला या कामात रस नाही, म्हणून मी ते आता घेणार नाही आणि पुढेही घेणार नाही, गुडघ्यांचे मी खोटे सांगितले होते’ एवढे बोलावे आणि चहा पिऊन यावे. खोटे कबूल करताना थोडे ओशाळवाणे होईल, पण पुन्हा बागेत भेट झाली, तर लंगडण्याची गरज पडणार नाही.

राहिला आपल्या पत्नीचा सल्ला. एकदा हो म्हणून लगेच सुटका होत नाही. समितीची मुदत पाच वर्षांची असते.