वाचक विचारतात: उन्हानं पांढरं पडलेलं काळं प्लॅस्टिक

प्रश्न : गाडी सहा वर्षांची आहे. दिवसभर वावराच्या धुऱ्यावर उन्हातच उभी राहते. पुढचं मडगार्ड अन् सीटखालचे साइड पॅनल राखेसारखे झाले आहेत. डिझेलचं फडकं फिरवलं की दोन दिवस काळं दिसतं, मग पुन्हा तसंच. नवे पार्ट घ्यावे का? (शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. पॅनल धुऊन कोरडं करा आणि त्यावर साध्या पाण्याचा बोळा फिरवा. ओलं असताना काळंभोर दिसलं, तर रंग शाबूत आहे. या प्लॅस्टिकला वरून रंग दिलेला नसतो, काजळी आतपर्यंत मिसळलेली असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा पातळ थर तेवढा फुटतो, त्यात बारीक भेगा पडतात आणि त्यावर उजेड विखुरला की आपल्याला पांढुरकं दिसतं. पाणी त्या भेगा भरतं, म्हणून घटकाभर काळं. डिझेलही तेच करतं, फक्त लवकर सुकत नाही. त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की तिचा लेप होतो आणि पुढच्या पुसण्यात तोच लेप पॅनल घासतो. पेट्रोल तर लावूच नका. त्यानं एबीएसला, म्हणजे पॅनलच्या कडक प्लॅस्टिकला, स्क्रूच्या भोकांपाशी तडे जातात.

म्हणजे भेगांत शिरेल आणि तिथेच घट्ट होईल असं काहीतरी हवं. बाजारात दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात. डॅशबोर्ड पॉलिशसारखं सिलिकॉनचं पातळ दूध लगेच चमकतं, पण आपल्याकडच्या दोन-चार पावसांत धुऊन जातं. दुसरं ट्रिम कोटिंग, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला लावायचा लेप. ते सुकून कडक होतं आणि काही महिने टिकतं. महाग पडतं, पण घ्यायचं तर हेच.

कोटिंग टिकेल की नाही, हे लावण्याच्या आधीच ठरतं. पॅनल शाम्पूच्या पाण्यानं आणि मऊ दातघाशीनं घासा, दाणेदार भागात घासणी गोल-गोल फिरवा. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते ‘आयपीए’ म्हणून मिळतं. फडक्यावर काळपट-तेलकट डाग यायचे थांबेपर्यंत पुसत राहा. आधी लावलेलं डिझेल इथंच निघतं. ते राहिलं तर कोटिंग ठिपक्याठिपक्यानं सुटतं. मग एका मडगार्डला स्पंजवर आठ-दहा थेंब पुरे. आधी उभा, मग आडवा हात फिरवा, दोन मिनिटांनी जास्तीचं कोरड्या फडक्यानं टिपा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. हे काम सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, पॅनल हाताला गार लागत असताना करायचं. मे महिन्याच्या दुपारी कोटिंग पसरायच्या आतच सुकतं आणि पट्टे उमटतात. सीट, मूठ, फूटरेस्ट, टायर आणि ब्रेकची डिस्क यांना याचा थेंबही नको.

पुसल्यावर ओलं असतानाही पांढरंच दिसलं, तर तो टाकीला लावलेल्या पॉलिशचा थर किंवा बोअरच्या पाण्यातला क्षार असतो. क्षाराला पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन लावा आणि दोन-तीन मिनिटांनी धुवा. क्षार तसाच ठेवून वर कोटिंग चढवलं, तर तो कायमचा आत बंद होतो.

प्रश्न : पेंटरनं साइड पॅनलला काळा स्प्रे मारून दिला होता. पावसाळ्यात पापुद्रे सुटले. चूक कुठं झाली? (वाचक, ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : पॅनल उलटून आतला शिक्का बघा. ‘पीपी’ असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग धरतच नाही. आधी प्लॅस्टिक प्रायमर मारावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच राहून जातो. आता सुटा रंग खरवडा, पॉलिश पेपरनं कडा सपाट करा, आयपीएनं पुसा, प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि मग रंगाचे दोन पातळ हात. पण दाणेदार पॅनल रंगवलं की दाणा बुजतो, ते पूर्वीसारखं दिसत नाही.

गरम हवेची गन हाही एक जालीम उपाय सांगतात. वरचा थर वितळून काळा होतो खरा, पण टिकत नाही आणि हात जरा थांबला की पॅनल वाकतं. करायचंच तर पार्ट गाडीवरून काढून. टाकीशेजारी मुळीच नाही.

प्रश्न : घरचं घाण्यावरचं जवसाचं तेल लावलं तर चालेल? (वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : कल्पना बरोबर आहे. जवस हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याच्या वा खोबऱ्याच्या तेलाला ते जमत नाही. पण कच्चं जवस बरेच दिवस चिकट राहतं आणि धूळ धरतं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल’ जवसतेल घ्या. चार-पाच थेंब चोळा, पंधरा मिनिटांनी हाताला चिकटणार नाही इतकं पुसून घ्या. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून बाहेर मोकळं पसरून वाळवा.

आणि गाडी रोज एकाच तोंडानं उभी करू नका. कडुनिंबाखाली जागा नसेल, तर हिरव्या शेडनेटचा तुकडा चार बल्ल्यांवर ताणून लावा. ताडपत्री थेट गाडीवर टाकली, तर वाऱ्यानं फडफडून धुळीसकट प्लॅस्टिक घासते.