फ्यूजच्या जागी जाड तार

(या वेळी इंदूरच्या वाचकांचे प्रश्न. उत्तरं आपले हँगरकाका देतायत, विमानांच्या देखभालीत उभी हयात घालवून आता घरी बसलेले.)

प्रश्न : काका नमस्कार, मी सुदामानगरची. मुलगा एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत हेल्पर म्हणून लागलाय, विमान मागे ढकलतात त्या टीममध्ये. परवा ड्यूटीवरून आला तो गप्पच, जेवला पण नाही नीट. खोदून विचारलं तर म्हणाला टो-बारची पिन तुटली, सीनियरनं तिथल्या तिथे साधा बोल्ट घातला, काम पुढे ढकललं आणि कोणाला बोलू नको म्हणाला. एका पिनेचं एवढं काय असतं? त्यानं सांगावं की गप्प राहावं?

उत्तर : ताई, सांगावं, आणि हा अंक हातात पडायची पण वाट बघू नये. ड्यूटी इंजिनिअरला सांगायचं, सीनियरचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

आता पिनेचं. टो-बार म्हणजे टग (तो बुटका जाडजूड ट्रॅक्टर) आणि विमानाचं पुढचं चाक यांच्या मधला दांडा. त्यात शिअर पिन असतात आणि त्या मुद्दाम कमजोर केलेल्या असतात, म्हणजे ड्रायव्हरनं हिसका दिला किंवा चाक फार वळवलं तर आधी पिन तुटावी, विमानाचा नोज गिअर (पुढचं चाक आणि त्याचा पाय) नाही. आपल्या घरात फ्यूज असतो ना, अगदी तसंच. पूर्वी फ्यूज उडाला की आपले वडील त्यात जाड तार गुंडाळायचे, लाइट यायची, सगळे खुश, आणि मग एक दिवस भिंतीतली वायरिंगच जळायची. तुमच्या मुलाच्या सीनियरनं जाड तार गुंडाळलीय. पुढच्या वेळी बोल्ट तुटणार नाही, मार थेट नोज गिअरवर जाणार.

आणि पिन तुटली याचा अर्थच असा की जोर लिमिटच्या वर गेला होता, त्यामुळे पिन बदलून भागत नाही, पुढचा गिअर इंजिनिअरनं तपासावाच लागतो. चाक किती वळवायचं याला पण हद्द आहे, एअरबस ए३२० ला ९५ अंश, बोइंग ७३७ ला ७८, तिथे लाल खुणाच केलेल्या असतात. तुमच्या मुलाला विचारा, त्याला त्या खुणा कोणी दाखवल्यात का. नसतील दाखवल्या तर चूक त्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे.

अजून एक पिन असते, बायपास पिन, लाल रिबिनवाली. ती ढकलायच्या आधी पुढच्या चाकाजवळ लावतात, म्हणजे पायलटचं स्टिअरिंग तेवढ्यापुरतं बंद. ती नसली आणि हायड्रॉलिक प्रेशर चालू असताना कोणी वर चुकून पेडल दाबलं तर चाक फिरतं आणि तो अख्खा दांडा शेजारी उभ्या माणसाच्या पायावर येतो. पाय मोडतात, ताई. काम झाल्यावर ती काढून, हात उंच करून, रिबिन पायलटला दाखवायची असते, खिडकीतून बघा कधी, पोरगं लांब उभं राहून काहीतरी लाल हलवत असतं, ते हेच.

प्रश्न : आम्ही बिजासनच्या टेकडीवरून विमानं बघतो. विमान स्वतः रिव्हर्स का घेत नाही? (इयत्ता सातवी)

उत्तर : कारण बेटा, विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं, ती सायकलच्या पुढच्या चाकासारखी नुसती फिरतात. जेट इंजिनाची हवा पुढे फेकून मागे जाता येतं, अमेरिकेत काही कंपन्या पूर्वी डीसी-९ सारखी विमानं तशी मागे घ्यायच्या पण, पण त्यात आवाज फार, पेट्रोल... म्हणजे एटीएफ (विमानाचं इंधन) फार, आणि पुढे उडालेली खडी-धूळ इंजिनच परत आत ओढतं. शिवाय मागचं दिसायला आरसा कुठाय?

प्रश्न : मी नेहमी सकाळच्या फ्लाइटनं मुंबईला जातो. बघतो तर दोन-तीन जण हातात दांडकी घेऊन विमानाबरोबर नुसते चालत असतात. ढकलायला ट्रॅक्टर आहे ना, मग हे कशाला? (एक व्यापारी, रामबाग)

उत्तर : शेठ, तुम्ही चोइथराम मंडीत ट्रॉली रिव्हर्स होताना बघितली असेल. ट्रॅक्टर डावीकडे वळवला की ट्रॉली उजवीकडे, आणि मागे एक जण ओरडत असतो आने दे आने दे. तिथे लागलं तर लसणाचं एखादं पोतं फुटतं. इथे ए३२० चा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३५.८ मीटर, शेपूट जवळजवळ १२ मीटर उंच, आणि टगवाल्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला दिसतं फक्त पुढचं चाक आणि विमानाचं पोट. वर कॉकपिटमध्ये बसलेल्याला पण मागचं दिसत नाही. त्यात पंख मागे झुकलेला, म्हणजे वळताना त्याचं टोक आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा बाहेरून जातं आणि शेपूट उलट्या बाजूला सरकते. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला काही दिसत नाही आणि ज्यांना दिसतं त्यांच्या हातात स्टिअरिंग नाही, अशी ही गंमत आहे. म्हणून चालण्याच्या स्पीडनं जायचं, आणि त्या पोरांपैकी कोणीही दांडकी क्रॉस केली की सगळं थांबलं पाहिजे, मग तो सगळ्यात ज्युनिअर का असेना.

डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईला पुशबॅकच्याच (विमान मागे ढकलायच्याच) वेळी एक टेक्निशियन इंजिनात ओढला गेला, खुणेचा गैरसमज झाला होता. तेव्हा दांडकीवाल्यांना फुकट पगार मिळतो असं परत म्हणू नका. विमानाच्या पोटावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की तिथली माणसं आपोआप दोन पावलं मागे होतात, अंगवळणीच पडतं ते.

प्रश्न : काका, मी फ्लाइंग शिकतेय, सेसना १७२ या छोट्या विमानावर. मे-जूनमध्ये आंधी येते तेव्हा विमान हँगरमध्ये जागा नसेल तर बाहेर ठेवावं लागतं. ब्रेक लावून चाकांना चोक (अडकवायचे ठोकळे) लावले की पुरतं ना?

उत्तर : नाही गं पोरी. पंखाला कुठे कळतं की विमान पार्क केलंय. त्याला समोरून वारा मिळाला की तो उचलणार. १७२ पूर्ण वजन घेऊन, फ्लॅप (पंखाच्या मागच्या पट्ट्या) खाली न सोडता, वेग ताशी साधारण ९० किलोमीटरपर्यंत उतरला तरी हवेत तग धरतं, आणि तुझं तर रिकामं उभं आहे! तेव्हा जमेल तेवढं वाऱ्याकडे तोंड करायचं, दोन पंखांच्या कड्या आणि शेपटीची कडी असं तीन ठिकाणी बांधायचं. स्ट्रटला (पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरप्या दांडीला) दोर बांधायचा नाही, तो वाकतो. दोर नायलॉनचा घे, काथ्याचा किंवा अंबाडीचा नको, तो पहिल्या पावसात भिजला की आखडतो आणि पंख खाली ओढतो. नायलॉनलाही इंचभर ढील ठेव.

पार्किंग ब्रेकवर रात्र काढायची नाही, प्रेशर हळूहळू उतरतं. मोठ्या विमानाचंही तेच, म्हणून चोक आधी, भरवसा नंतर. फक्त मोठ्या विमानाला चोक टायरला अगदी चिकटवून लावत नाहीत, इंधन भरलं की टायर दबतो आणि चोक असा अडकतो की हातोडा आणावा लागतो.

आणि कंट्रोल लॉक (कंट्रोल जागच्या जागी अडकवणारी खीळ) लाव, नाहीतर वारा रात्रभर एलेरॉन-रडर (पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या) आपटत बसेल. पण सकाळी काढ. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं नवं कोरं बॉम्बर लॉक न काढताच उडालं आणि पडलं, पायलटांची चेकलिस्ट त्यानंतरच आली. तुमच्या क्लबच्या लॉकला लाल रिबिन आहे का बघ, नसेल तर उद्याच मागून घे.