वाचक विचारतात : बतावणी पडते कुठे?

प्रश्न : आम्ही सहा जण घोडबंदर रोडला ७० खुर्च्यांच्या सभागृहात राजकीय विडंबनाचे प्रयोग करतो. जर्मन काबारेटसारखे छोटे प्रवेश, गाणी आणि जोडीला आपली बतावणी, म्हणजे तमाशातले विनोदी संवाद. पहिले दोन प्रयोग रंगले, महिन्याभराने झालेल्या तिसऱ्याला हशाच नाही. काय चुकतंय? पुढाऱ्यांची नावं घ्यावीत का?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : आधी दिवे तपासा. काबारेट काय नि तमाशा काय, नट प्रेक्षकांशी थेट बोलतो. मिट्ट काळोखात त्याला चेहरे दिसत नाहीत. प्रेक्षकांवरचे दिवे मंद करा, मालवू नका. चाळीसच लोक आले तर मागच्या रांगा दोरी लावून बंद करा. विखुरलेली माणसं हसायला बिचकतात.

आता बतावणी. हे पाहा :

राजा : घोडबंदरचे खड्डे बुजवले?
सोंगाड्या : बुजवले की!
राजा : कशानं?
सोंगाड्या : पावसाच्या पाण्यानं.

हशा ‘पाण्यानं’वर फुटतो. पुढे ‘महाराज’ जोडलंत की तिथेच विरतो. राजानेही लगेच तोंड उघडू नये, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य. गाण्यात शब्द चालू असताना ढोलकीचा ठेका हलका ठेवा, तोडा, म्हणजे ढोलकीचा जोरकस तुकडा, ओळ संपल्यावर. राजकीय गाण्याचा एक शब्द बुडाला तरी सगळी ओळ फुकट जाते.

शिवाय महिन्यात बातमी शिळी होते. वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, गोष्ट कायम ठेवा, बतावणीतले चार-पाच टोले बदला. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडी अशाच पेरत.

नावांचं म्हणाल तर जर्मन लेखिका-अभिनेत्री एरिका मानचं ‘फेफरम्यूले’ (मिरीची चक्की) हे काबारेट बघा. १ जानेवारी १९३३ला म्युनिकमध्ये सुरू झालं, महिन्याभरात हिटलर सत्तेवर आला, मंडळींना देश सोडावा लागला आणि त्याच वर्षी झुरिकमध्ये पडदा पुन्हा वर गेला. तिथे हिटलरचं नाव न घेता परीकथेतल्या पात्रांतून टीका व्हायची, आणि ती सगळ्यांना कळायची. वगातला राजा हेच काम करतो. नाव घेतलं की निम्मे प्रेक्षक त्या पुढाऱ्याची बाजू घेऊन बसतात. कारभारावर बोला, खड्डा सगळ्यांचाच असतो.

प्रश्न : बतावणी बदलत राहिली, तर संहितेच्या परवानगीचं काय?
– तेच वाचक

उत्तर : रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता देताना ‘इथे बतावणी’ एवढंच लिहून जागा मोकळी सोडू नका. सगळे संवाद लिहून द्या. तीन-चार पर्यायी बतावण्या सुरुवातीलाच जोडल्यात तर प्रयोगागणिक निवड करता येईल. पूर्ण नवा मजकूर असेल तर तो आधी मंडळाला दाखवा, मगच बोला.