केलेब विल्यम्सचे शंभरातले 58च पास पूर्ण होतात, मग शिकागो बेअर्सचे चाहते त्याच्यावर एवढे खूश का?

तुम्ही लिहिलंय की यंदापासून अमेरिकन फुटबॉल बघायला लागलात. बेअर्सचा तरुण क्वार्टरबॅक केलेब, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, 2025च्या हंगामात शंभरातले जेमतेम 58 पास पूर्ण करू शकला (म्हणजे तेवढेच साथीदारांनी झेलले), पहिल्या वर्षी हाच आकडा 62च्या वर होता. म्हणजे पोरगा मागे गेला, आणि तरी संघ 11 सामने जिंकला. मग श्रेय कोणाचं, त्याचं की नव्या कोचचं?

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. 2007च्या जानेवारीत या देशात आले, तेव्हा बेअर्स सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, निघाले होते आणि अख्खं शहर निळ्या-केशरी रंगात न्हालं होतं. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या थंडीत त्या रंगांनी मला आपलंसं केलं. सामना हरलो, मी मात्र तेव्हापासून या संघाची झाले. तेव्हापासून रविवारी दुपारी बाराला सामना असला की आमच्याकडे पोहे अकरालाच उरकतात. एवढ्या वर्षांच्या बघण्यातून सांगते: श्रेय आधी लाइनचं, मग कोचचं, आणि शेवटच्या दोन मिनिटांचं सगळं त्या पोराचं.

लाइनपासून सुरू करते, कारण नवीन माणसाची नजर चेंडूमागे धावते आणि खरी गोष्ट त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जाड्याजुड्या माणसांत घडत असते. त्यांच्यातला मधला, म्हणजे सेंटर, चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅकला पास टाकायला दोन-तीन सेकंद हवे असतात, आणि ते सेकंद मिळवून देणं हे त्या पाच जणांचं काम. त्यांनी वाट सोडली की समोरचा खेळाडू येऊन क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा करतो. त्याला म्हणतात सॅक. 2024 मध्ये, म्हणजे केलेबच्या पहिल्याच वर्षी, तो 68 वेळा सॅक झाला. सतरा सामने, दर सामन्याला चार. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) अख्ख्या देशातून पहिलं निवडलेलं, आणि दर रविवारी चार वेळा गवतावर पाठ टेकून आकाशाकडे बघत पडलेलं. मला बघवायचं नाही.

आणि सगळा दोष लाइनचाही नव्हता, हे मान्य करायला हवं. तो चेंडू फार वेळ हातात ठेवायचा. कॉलेजात त्याच्यापेक्षा चपळ कोणी नसायचं, तिथे पळून सुटता यायचं. इथे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकशेवीस किलोचा माणूसही त्याच्याइतकाच वेगाने धावतो. त्यात वरचा गोंधळ: हंगामाच्या मधेच ऑफेन्सचा (आक्रमणाचा) कोच शेन वॉल्ड्रन गेला, थॉमस ब्राउनकडे काम आलं. वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या प्लेवर (चालीवर) लांबलचक फेकलेला चेंडू हातांवरून उडून त्यांच्या माणसाच्या हाती पडला आणि 18-15 असे हरलो. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये तीन गुणांनी मागे असताना अर्ध्या मिनिटाचा वेळ आणि एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) हाताशी होता. तो टाइमआउट कोणी घेतलाच नाही, घड्याळ संपलं. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूस यांना काढलं. हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढायची वेळ या संघावर शंभर वर्षांत पहिल्यांदा आली. ओळीने दहा सामने हरलो आणि 5 विजय, 12 पराभवांवर थांबलो. अशा वर्षात कोणताही तरुण क्वार्टरबॅक मोडू शकतो. आमच्याकडे आधीचे मोडलेले आहेत.

2017 मध्ये आम्ही मिच ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला. 2021 मध्ये जस्टिन फील्ड्स आला. केवढा धावायचा! पण 2022 मध्ये तोही 55 वेळा सॅक झाला आणि दोन वर्षांत त्याला पिट्सबर्गला पाठवलं. बेअर्स हा बचावाचा संघ, 1985च्या त्या बचावाच्या गोष्टी इथे आजही लोक नातवंडांना सांगतात. क्वार्टरबॅकने एका हंगामात चार हजार यार्ड पास टाकणं हे लीगमधल्या बाकी सगळ्या संघांनी पाहिलंय, एकट्या बेअर्सनी नाही. आमचा विक्रम 1995 सालचा, एरिक क्रेमरचा, 3,838 यार्डांचा. तीस वर्षं तो कोणी हलवला नव्हता. 2025 मध्ये केलेबने 3,942 केले. चार हजाराला 58 कमी पडले, पण तीस वर्षांचं कुलूप उघडलं. आमचा आनंद या पार्श्वभूमीवर समजून घ्या.

आता 2025 मध्ये काय बदललं. बेन जॉन्सन डेट्रॉइटहून मुख्य कोच म्हणून आले, पण त्यापाठोपाठ जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: लाइनचा मधला सगळा भाग नवीन बसवला. कॅन्सस सिटीहून डावा गार्ड (सेंटरच्या शेजारी उभा राहणारा) जो थूनी आणला, चार सुपर बोल जिंकलेला माणूस. सेंटरला अटलांटाहून ड्रू डालमन. उजव्या गार्डला जोना जॅक्सन, जो डेट्रॉइटमध्ये जॉन्सन यांच्या हाताखाली खेळलेला. घर बांधताना आधी जोतं भरतात, नक्षीचा दरवाजा नंतर बसवतात. इथे कित्येक वर्षं दरवाजेच विकत घेत होते. 68 सॅकवरून आकडा 24 वर आला. दर सामन्याला चार पडत होते, ते दीडच्याही खाली.

जॉन्सन यांनी दुसरी गोष्ट केली ती धावण्याची. आधी केलेब बहुतेक वेळा सेंटरपासून लांब मागे उभा राहायचा आणि समोरच्यांना पास येणार हे कळायचं. जॉन्सन यांनी त्याला सेंटरला चिकटून उभं केलं, स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधी दोघा-तिघांना इकडून तिकडे हलवलं आणि डिअँड्रे स्विफ्ट किंवा ड्राफ्टच्या शेवटच्या, सातव्या फेरीत घेतलेला कायल मोनंगाई यांच्या हाती चेंडू दिला. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ब्लॅक फ्रायडेला, फिलाडेल्फियात गतविजेत्या ईगल्ससमोर आम्ही नुसते धावून 281 यार्ड काढले, दोघांनी शंभराची वेस ओलांडली. तो सामना मिळाला तर जरूर बघा. त्यात केलेब काही फार चमकला नाही, आणि तरी संघ 24-15 जिंकला. तरुण क्वार्टरबॅकला असा दिवस मिळणं किती मोठी गोष्ट आहे! आपला दिवस वाईट असला तरी घर चालतं हा विश्वास त्याला पहिल्या वर्षी कधीच मिळाला नव्हता. आणि एकदा समोरच्यांना धावण्याची धास्ती बसली की चेंडू दिल्याचं नाटक करून मागे वळायचं आणि लांब पास टाकायचा. याला प्ले-ॲक्शन म्हणतात. आमचे मोठे पास बरेचसे इथून आले.

मग ते 58 टक्के? इथे थोडं गणित करते, कारण मलाही हा आकडा डिसेंबरभर सलत होता.

2024 मध्ये केलेबने 562 पास टाकले, 351 पूर्ण झाले. 62.5 टक्के. 2025 मध्ये 568 पैकी 330, म्हणजे 58.1. पण पासची टक्केवारी काढताना सॅक धरत नाहीत. पास टाकायला मागे आला आणि आडवा झाला, तर हिशोबात तो पास नाहीच. आता सॅक मिळवून बघा. पहिल्या वर्षी 562 आणि 68 मिळून 630 वेळा तो पास टाकायला मागे आला, 351 वेळा पास पूर्ण झाला: 55.7 टक्के. दुसऱ्या वर्षी 568 आणि 24 मिळून 592 वेळा, त्यातले 330 पूर्ण: 55.7 टक्के. दशांशापर्यंत तेच. म्हणजे तो मागे गेलेला नाही. पहिल्या वर्षी जिथे तो चेंडू कवटाळून आडवा व्हायचा, तिथे दुसऱ्या वर्षी त्याने चेंडू मुद्दाम रेषेबाहेर फेकून दिला. कागदावर तो अपूर्ण पास दिसतो, मैदानावर ते सात-आठ यार्ड वाचलेले असतात, आणि पुढचा प्ले जिवंत राहतो. आणि पूर्ण झालेले पास आता जास्त लांब जातात: टाकलेल्या दर पासला (अपूर्णही धरून) 6.3 यार्ड होते, ते 6.9 झाले. पासवरचे टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणं) 20 वरून 27. इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) 6 वरून 7, म्हणजे जवळपास तेवढेच. एवढे धाडसी पास टाकून वर्षात फक्त सातच वेळा चेंडू शत्रूच्या हाती देणारा मुलगा बेजबाबदार असूच शकत नाही.

तरीही मी त्याला पूर्ण मार्क देणार नाही. 55.7 हा आकडा वाढलेला नाही हेही त्याच गणितात दिसतं. जॉन्सन यांनी त्याच्यासमोर 70 टक्क्यांचं ध्येय ठेवलं होतं, त्यापासून तो खूप लांब राहिला. आणि दुखतं ते लांबच्या पासमध्ये नाही, सोप्या पासमध्ये. बाजूला रिसीव्हर (पास झेलणारा) पाच यार्डांवर मोकळा उभा, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. टीव्हीवर पुन्हा दाखवतात तेव्हा त्याचे पाय बघा. खांदे एकीकडे, पाय दुसरीकडे, वजन मागच्या पायावर. अवघड पास टाकताना तो शरीर आपोआप जुळवतो, सोप्याला मात्र घाई करतो. डेट्रॉइटने दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला 52-21 असं लोळवलं तेव्हा हे फार ठळक दिसलं होतं. पण पायांची सवय सरावाने बदलते, म्हणून मला याची भीती वाटत नाही. चेंडू हातात धरून बसण्याची सवय याहून कठीण, आणि ती त्याने एका उन्हाळ्यात बदलून दाखवली आहे.

उरली शेवटची दोन मिनिटं. याचं श्रेय मी कोणत्याही कोचला वाटून देणार नाही. सिनसिनाटीत शेवटचं एक मिनिटही उरलं नसताना आघाडी हातची गेली होती. त्याने नवख्या कोल्स्टन लव्हलँडला मधोमध पास दिला, तो 58 यार्डांवर जाऊन टचडाउन झाला आणि 47-42 जिंकलो. जायंट्ससमोर स्वतः धावत जाऊन टचडाउन केला. डिसेंबरात आमच्या घरच्या मैदानावर, सोल्जर फील्डवर, ग्रीन बेशी जादा वेळेत डी. जे. मूरला 46 यार्डांचा पास टाकून सामना संपवला. तेव्हा माझी लेक सोफ्यावर उभी राहून ओरडत होती आणि मी तिला खाली उतर म्हणायचंही विसरले.

मग जानेवारी. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पुन्हा ग्रीन बे. मध्यंतराला 21-3 असे मागे. चौथ्या क्वार्टरमध्ये चौथा डाउन (चार प्रयत्नांतला शेवटचा), अजून आठ यार्ड पुढे जायचं होतं, म्हणजे इथे चुकलं की चेंडू त्यांचा आणि सगळं संपलं. समोरून माणसं अंगावर आली, केलेब डावीकडे पळाला आणि पळता पळता, शरीराचा तोल गेलेला असताना, रोम ओडुन्झेला 27 यार्डांचा पास दिला. 31-27 जिंकलो. प्लेऑफमधला सामना जिंकून आम्हाला पंधरा वर्षं झाली होती. लेकीच्या आयुष्यातला हा पहिलाच.

पुढच्या आठवड्यात बर्फात लॉस एंजेलिस रॅम्स. पुन्हा चौथा डाउन, अर्धं मिनिटही नाही. तो मागे, मागे, आणखी मागे सरकत गेला. पहिल्या वर्षी असाच सरकत जाऊन तो पडायचा, आणि माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला होता. या वेळी पडता पडता त्याने उंच पास सोडला आणि तो कोपऱ्यात कोल क्मेटच्या हातात उतरला. बरोबरी झाली. जादा वेळेत त्याचाच पास इंटरसेप्ट झाला, त्या दिवशीचा तिसरा, आणि 20-17 हरलो.

तुम्हाला त्याला तोलायचंच असेल तर हे दोन प्ले पाठोपाठ बघा, क्मेटचा टचडाउन आणि जादा वेळेतलं ते इंटरसेप्शन. पहिल्यांदा बघताना चेंडू सोडून डालमन आणि थूनीकडे बघा, ते किती वेळ उभे राहतात ते मोजा. दुसऱ्यांदा केलेबच्या पायांकडे. दोन्ही वेळा काय दिसलं ते इथे खाली लिहा, मला खरंच वाचायचं आहे.